चाळीस रुपयांचे पाणी : महाड, साहित्याचे कार्यक्रम आणि जागेचा प्रश्न

साहित्यिक कार्यक्रमांचा इतिहास लिहिणारे अध्यक्षीय भाषणे जपून ठेवतात. संमेलन कोठे भरले, अध्यक्ष कोण होते, ठराव कोणते झाले, एवढे तीन तपशील हाती लागले की नोंद पूर्ण झाली असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. मांडव कोणाच्या जमिनीवर होता, दिवाबत्तीचा खर्च कोणी सोसला, आलेल्या माणसांना पाणी कोणी पाजले, या गोष्टी संयोजकाच्या हिशेबाच्या वहीत जातात; आणि ती वही बहुधा वर्षभरातच रद्दीत जाते. म्हणूनच १९२७ सालच्या महाडच्या परिषदेविषयीची एक किरकोळ वाटणारी नोंद टिकून राहिली, याचे आम्हांला मोल वाटते. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात ती आहे. परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी मिळणे शक्य नव्हते, म्हणून जमलेल्या लोकांसाठी संयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले.

त्या काळी चाळीस रुपये ही कामगाराच्या महिन्याच्या कमाईशी तोलावी अशी रक्कम होती. परंतु रकमेपेक्षा अधिक बोलका आहे तो तिचा विषय. ज्या परिषदेत पाण्याच्या हक्काची चर्चा व्हावयाची, तिच्या जमाखर्चातच पाण्याचे कलम होते. व्यासपीठावर जे बोलले जाणार होते, ते मांडवाच्या मागल्या बाजूला, घागरींच्या रांगेत, आधीच सिद्ध होऊन बसले होते.

प्रस्तुत लेखात आम्ही या नोंदीचा धागा धरून एक प्रश्न विचारू इच्छितो. ज्याला आपण ‘स्वतंत्र व्यासपीठ’ म्हणतो, ते नेमके कशापासून स्वतंत्र असते? उत्तरासाठी आम्ही महाड-पोलादपूर या परिसरातून निघून गिरणगावात आणि दादरला जाऊन पुन्हा महाडला येणार आहोत. हा प्रवास मनाने रचलेला नाही. या भागातली माणसे पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने गेली आणि आली आहेत.

१

महाबळेश्वरकडून आंबेनळी घाट उतरला की पायथ्याशी पोलादपूर लागते. तेथे कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचणारे हे कवी. काव्य अपुरे राहिले, पण त्याची मांडणी आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. परमानंद काशीला गेले असता तेथील पंडित त्यांना शिवचरित्र सांगण्याची विनंती करतात आणि मग गंगेच्या काठी ते कथन चालते, असा त्या काव्याचा घाट आहे. म्हणजे हे काव्य स्वतःला लेखी ग्रंथ म्हणून पुढे करत नाही. ते एका श्रोतृसभेचा वृत्तान्त म्हणून पुढे येते. राज्य सह्याद्रीत आणि सभा काशीत, कारण मान्यतेचे केंद्र तेथे होते. कवीला श्रोता निवडावा लागतो, आणि श्रोता निवडताच स्थळ ठरते.

याच डोंगररांगेत दुसरी एक परंपरा नांदत होती. प्रतापगडाच्या प्रसंगावर अज्ञानदासाने पोवाडा रचला आणि त्याबद्दल आपल्याला घोडा व सोन्याचा तोडा मिळाल्याचे पोवाड्यातच नमूद केले. तानाजी मालुसऱ्यांवर तुळशीदासाचा पोवाडा आहे. तानाजींचे उमरठ पोलादपूर तालुक्यातच. पंडिताची सभा आणि शाहिराचा फड या दोन जागा भिन्न असल्या, तरी दोन्हींच्या मागे दाता एकच होता.

दात्यावाचून चालणारा प्रकार कोकणातल्या अंगणात सापडतो. नमन-खेळे आणि जाखडी यांना साहित्याच्या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही, पण शक्तिवाले आणि तुरेवाले यांचा सामना ज्याने रात्रभर बसून ऐकला आहे, त्याला तो जाहीर काव्यवाचनाचा जिवंत प्रकार आहे हे सांगावे लागणार नाही. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जबाब. एका शाहिराने पद्यात घातलेले कोडे दुसऱ्याने पद्यातच सोडवायचे. कार्यक्रमाचा क्रम परंपरेने बांधून दिलेला, तरी त्याच्या पोटात ऐनवेळच्या रचनेला भरपूर मोकळीक. खर्च गावकीचा, वर्गणीचा. येथे कवी कोणाचा आश्रित नाही, हे खरे. पण अंगण गावकीचे, आणि गावकीच्या अंगणात कोणी कोठे उभे राहायचे हे जातीने ठरलेले होते. दात्यापासून मुक्त असलेली जागा समाजापासून मुक्त असतेच असे नाही. हा भेद मनात ठेवून आपण पुढे जाऊ.

२

एकोणिसाव्या शतकात सभागृह आले, आणि त्याबरोबर निमंत्रण आले. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या अखिल भारतीय संमेलनाची परंपरा तेथून मोजतात. १८८५ सालच्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. त्यांचे उत्तर ‘ज्ञानोदया’त छापून आले. ज्यांनी सामान्य माणसांचे मानवी हक्क उघडपणे मान्य केलेले नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय.

या पत्राकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एरवी विचारप्रणालीचे विधान म्हणून पाहिले आहे. आम्हांला ते कार्यक्रमरचनेवरचे मराठीतले पहिले गंभीर टिपणही वाटते. फुले कोणत्याही विशिष्ट ग्रंथकाराविषयी बोलत नाहीत, सभेच्या घडणीविषयी बोलतात. खुर्ची मांडून ‘या, बसा’ म्हटल्याने जागा खुली होत नाही. ती मांडण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे पाहावे लागते, असा त्यांचा रोख आहे. निमंत्रितांच्या यादीत एक नाव वाढवून हा प्रश्न सुटत नाही. आजही आपल्या परिसंवादांत एक ‘प्रतिनिधी’ वक्ता बसवून संयोजक निश्चिंत होतात, तेव्हा ते १८८५ साली फेटाळला गेलेला उपाय पुन्हा वापरत असतात.

पुढल्या काळात कविता जाहीर ऐकण्याची गोडी वाढली. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले आणि त्यात ठोमऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले. सभागृह, निवडक श्रोते, चहापान, गायन आणि टाळ्या, असा एक सुबक साचा तयार झाला, आणि महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. त्या साच्याचे गुण आम्ही नाकारत नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी पुढे गावोगाव मिळून कविता वाचल्या, तेव्हा आधुनिक कवितेला मिळालेला श्रोता याच साच्याने घडवला होता. मात्र त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट होती: सभागृह मिळणारच. ते ज्यांना मिळणार नव्हते, त्यांना कार्यक्रमाचा विचार मुळापासून करावा लागला.

३

महाड-पोलादपूरची माणसे मुंबईला गेली ती गिरण्यांत, गोदीत आणि लष्कराच्या भरतीत. परळला सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर हॉल होते. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या या संस्थेने कामगारवस्तीत शाळा, वाचनालये आणि करमणुकीची साधने उभी केली, त्यातलेच हे सभागृह. कामगार रंगभूमीला ते आधार ठरले. कोकणातल्या गावमंडळांची नमने आणि शक्ति-तुऱ्याचे सामनेही येथे रंगत. गावच्या अंगणातला फड मुंबईत आला, तिकीट लावून बसला आणि गावच्या देवळासाठी, शाळेसाठी पैसे जमवू लागला.

याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पुढे आला आणि तिचे कार्यालयही तेथेच राहिले. नाटक, फड, वाचनालय आणि संघटना एका छपराखाली आली, ही गोष्ट योगायोगाची मानू नये. ज्यांना स्वतःचे सभागृह नसते, ते मिळालेल्या सभागृहाचा सर्व अंगांनी वापर करतात. त्यांच्यापाशी ‘साहित्यिक’ आणि ‘सामाजिक’ अशा दोन वेगळ्या संध्याकाळी नसतात.

महाडला परिषद भरवावी ही कल्पना रामचंद्र बाबाजी मोरे यांची. मोरे याच परिसरातले. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. महाडच्या बाजारात येणाऱ्या अस्पृश्यांना घोटभर पाणी मिळण्याची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी तेथे चहाचे दुकान काढले आणि ते दुकान माणसे भेटण्याचे, बातमी पोचवण्याचे ठिकाण झाले. आमच्या मते महाडच्या इतिहासातली पहिली स्वतंत्र जागा म्हणून त्या दुकानाचा उल्लेख व्हावयास हवा. तेथे व्यासपीठ नव्हते, पण पाणी होते. पुढल्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका अशाच जागी मनात आकार घेते.

४

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला वीरेश्वर थिएटरात भरली. जागा नाटकांची, नावामागे ग्रामदैवत वीरेश्वर. त्यामागची कायद्याची बाजू प्रसिद्ध आहे: सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा मुंबई कायदे कौन्सिलातला ठराव, आणि त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांस खुले करणारा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव. सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेचे अध्यक्ष परिषदेच्या बाजूचे होते. ठराव कागदावर होता, तळे होते तेथेच होते, आणि दोहोंमध्ये तीन वर्षे काहीही घडले नव्हते.

पहिल्या दिवशी अध्यक्षीय भाषण, दुसऱ्या दिवशी ठराव. अशा परिषदांचा जो शिरस्ता होता तोच येथेही पाळला गेला. परिषद आटोपण्याच्या बेतात असताना अनंतराव चित्रे उठले आणि त्यांनी सर्वांनी मिळून तळ्यावर जावे अशी सूचना केली. सभा उठली आणि रांगेने चवदार तळ्यावर गेली. साहित्याच्या कार्यक्रमांना आपण जे वळण लावले आहे, त्यात समारोप म्हणजे उतार असतो. आभार, हार, छायाचित्र. महाडला समारोपातच कार्यक्रमाचा अर्थ उलगडला. बोललेला शब्द सभागृहाबाहेर पडला आणि अर्ध्या तासाच्या वाटेत त्याचे रूपांतर कृतीत झाले.

पुढे काय झाले तेही जागेच्या दृष्टीने वाचावे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि मांडवात जेवणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यासाठी पंचगव्याच्या एकशे आठ घागरींचा विधी झाला. तोही एक सार्वजनिक कार्यक्रमच होता, ठरलेल्या संख्येचा आणि मंत्रपाठाचा. त्याचे संयोजन करणाऱ्यांनाही आपल्या कार्यक्रमाचा अर्थ पुरता ठाऊक होता. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरची परिषद या पार्श्वभूमीवर भरली, आणि तिचे संयोजन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मार्चमध्ये मिळालेली जागा आता मिळणे शक्य नव्हते. अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन परिषदेसाठी दिली. बाजाराने असहकार केल्यामुळे शिधासामुग्रीची तजवीज बाहेरून करावी लागली. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तेथून मिरवणुकीने महाडपर्यंत चालत आले. जागा, शिधा आणि वाहन या तीन गोष्टी कोणाच्या हातात आहेत हे आधी पाहून मग कार्यक्रम ठरवला गेला. मार्चच्या चाळीस रुपयांनी शिकवलेला धडा डिसेंबरमध्ये उपयोगी पडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आणि तरीही कार्यक्रम ऐनवेळी बदलावा लागला. परिषदेपूर्वीच, १४ डिसेंबरला, दिवाणी न्यायालयाने तळ्यावर जाण्यास मनाई करणारा तात्पुरता हुकूम दिला होता. हजारो माणसे जमलेली, तिच्यातली अनेक सत्याग्रहासाठी नावे नोंदवून बसलेली, आणि मुख्य कृतीला कायद्याची अटक. अशा वेळी तीन दिवस मांडव कसा सांभाळावा? २५ डिसेंबरला अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या सभेची तुलना १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा ठरावरूपाने पुढे आला. मांडवात एकच तसबीर होती, ती गांधीजींची. जिल्हा मॅजिस्ट्रेट हूड यांना दुसऱ्या दिवशी परिषदेपुढे येऊन बोलू दिले गेले. सत्याग्रह करू नका हे सांगण्यासाठी ते आले होते. आपल्या व्यासपीठावरून प्रतिपक्षाला बोलू द्यावे आणि मग त्यावर खुल्या सभेत वाद घालावा, हा आत्मविश्वास आपल्या आजच्या परिसंवादांत क्वचितच दिसतो. वाद झाला, अनेकांनी सत्याग्रहाचाच आग्रह धरला, अखेर तो तहकूब ठेवून तळ्याभोवतालच्या रस्त्यांनी मिरवणूक काढण्याचे ठरले.

२५ तारखेच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्यास अनुमोदन दिले. मांडवासमोर खड्डा खणून, त्यात चंदनाची लाकडे रचून, विधिपूर्वक हे दहन करण्यात आले. येथे साहित्याच्या अभ्यासकाला अडखळल्यासारखे होते, कारण पुस्तक जाळणे ही गोष्ट आपल्याला सहज मानवत नाही, आणि मानवू नये. परंतु या घटनेत आणि सत्ताधाऱ्यांनी केलेल्या ग्रंथहोळ्यांत एक मूलभूत अंतर आहे. तेथे ज्यांच्या हाती सत्ता असते ते दुर्बलांचे पुस्तक वाचकांपासून हिरावून घेतात. येथे ज्यांना ते पुस्तक वाचण्याचाही अधिकार त्या पुस्तकाने दिला नव्हता, त्यांनी त्याची प्रत जाळली, आणि त्यातील कोणत्या गोष्टींमुळे जाळतो आहोत हे आधी सभेत मांडून, ठराव करून मग जाळली. दहनाआधी वाचन होते. ग्रंथाची समीक्षा जाहीर सभेत, श्रोत्यांच्या संमतीने, एखाद्या कार्यक्रमाचे रूप घेऊन झाल्याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला मराठीत आठवत नाही.

एक विलक्षण जुळणी येथे नोंदवाविशी वाटते. सदाशिव महादेव दिवेकर यांनी संपादलेले परमानंदांचे ‘शिवभारत’ पुण्याला छापून प्रसिद्ध झाले ते १९२७ सालीच. कवीची समाधी पोलादपूरला. ग्रंथ तीनशे वर्षांच्या आत कधीतरी लिहिलेला, आणि वाचकांपर्यंत पोचला तो त्याच वर्षी, ज्या वर्षी त्या समाधीपासून काही कोसांवर दुसरा एक संस्कृत ग्रंथ अग्नीत गेला. एक ग्रंथ काशीच्या पंडितसभेची मान्यता मागत होता. महाडच्या सभेने ती मान्यता मागणेच बंद केले.

५

‘ही राजकीय परिषद होती, साहित्याच्या कार्यक्रमांशी तिचा काय संबंध?’ असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पुढल्या इतिहासात शोधावे लागते.

एप्रिल १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघू लागले आणि महाडचे वृत्त, त्यावरचे लेख, उत्तरे-प्रत्युत्तरे यांनी त्याची पाने भरली. परिषदेतून गद्य जन्मले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांनी आंबेडकरी जलसे बांधले. सत्यशोधक जलशांचा वारसा त्यांच्यापाशी होताच. जलशाला सभागृह लागत नाही. वस्तीतली मोकळी जागा, एक कंदील, ढोलकी आणि चार माणसे एवढ्यावर तो उभा राहतो. ज्या जागेला कोणी भाडे मागत नाही, तेथून कोणी उठवूही शकत नाही, हे त्याचे बळ.

मार्च १९५८ मध्ये दादरच्या बंगाली हायस्कुलात दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. येथे शाळेचे सभागृह आले. एका संध्याकाळीपुरते, मागून घेतलेले. तमाशाचा फड आणि लाल बावटा कलापथक यांतून घडलेला माणूस शाळेच्या फळ्यासमोर उभा राहून साहित्याची व्याख्या करत होता. १९७२ साली साहित्य संमेलन महाडला आले आणि अध्यक्ष होते बाबूराव बागुल. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आणि ‘मरण स्वस्त होत आहे’ १९६९ साली आलेला. मुंबईच्या वस्त्यांचा हा लेखक जेव्हा महाडला बोलण्यास उभा राहिला, तेव्हा स्थळ हे भाषणाचे निव्वळ पटल राहिले नाही. ज्या गावात पाणी विकत घ्यावे लागले होते, त्या गावात साहित्याचे संमेलन भरवणे हाच त्या कार्यक्रमाचा पहिला ठराव होता, असे आम्ही म्हणू. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली.

या घटना शेजारी ठेवल्या म्हणजे आक्षेपाचे उत्तर मिळते. महाडच्या परिषदेतून दलित साहित्याने आशय घेतला हे सर्वजण सांगतात. तिने कार्यक्रम कसा उभारावा याची रीतही घेतली. प्रथम जागा पाहा. जागेचा मालक पाहा. शिधा आपला असू द्या. समारोप मोकळा ठेवा. विरोधकाला बोलू द्या. १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले, त्याचेही अध्यक्ष बागुलच होते, आणि ‘एक मूठ धान्य, एक रुपया’ अशी मदत लोकांकडून मागून ते उभे करण्यात आले. मुठीमुठीने धान्य जमवणे हा केवळ भावनेचा विषय नाही. ज्याने मूठभर तांदूळ दिले, त्याला कार्यक्रम कसा झाला हे विचारण्याचा हक्क प्राप्त होतो.

नागर रंगभूमीनेही हा धडा आपल्या वाटेने शिकून घेतला. १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ ही संस्था निघाली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह तिच्या प्रयोगांचे ठिकाण झाले. व्यावसायिक नाट्यगृहाचे भाडे परवडत नाही आणि तेथला प्रेक्षक प्रयोग सोसत नाही, यावरचा हा तोडगा. येथे इतर संस्थांनाही जागा मिळे, आणि पुढे शाळेचे नावच एका नाट्यचळवळीला चिकटले. पण शाळा ती शाळाच. जागा दुसऱ्याची, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तो अध्याय संपला. ‘आविष्कार’ दुसऱ्या शाळेत, माहीमला, गेली. दामोदर हॉलचीही कथा वेगळी नाही. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झाले, तेव्हा नाट्यकर्मींनी आणि कोकणातल्या लोककलावंतांनी विरोध केला. स्वतंत्र म्हणून ज्यांचा आपण गौरव करतो, त्या जागा बहुधा दुसऱ्याच्या औदार्याच्या मुदतीत जगत असतात.

६

आता पुन्हा महाड. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची वाट अरुंद झाली. बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढली, रासायनिक कारखाने आले, आणि गिरणीतल्या पाळ्यांऐवजी कारखान्यातल्या पाळ्यांनी या परिसराचा दिवस बांधला गेला. येथे काव्यवाचन ठेवायचे तर पहिला विचार कवींचा करून चालत नाही. दुसरी पाळी कधी सुटते, पोलादपूरकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता आहे, सावित्रीला पाणी चढण्याचे दिवस आहेत काय, हे आधी पाहावे लागते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाली, हे येथे कोणी विसरलेले नाही.

आम्ही काही मित्र लहान गावांतून कथा-कवितावाचनाचे कार्यक्रम ठरवत असतो. एकदा एका संस्थेचे सभागृह आनंदाने मिळाले. मग पत्रिकेवर कोणाचे नाव वर असावे याविषयी सूचना आली. मग कोणत्या कविता वाचणार त्याची यादी मागवण्यात आली. संस्थेची वागणूक सौजन्याची होती, कोणी काही नाकारले नाही. आम्हीच यादीतून दोन कविता काढल्या आणि ती पाठवून दिली. कार्यक्रम चांगला झाला असे सर्व म्हणाले. घरी परतताना कोणाला फारसे बोलवेना. चाळीस रुपयांची नोंद आम्ही त्यापूर्वी अनेकदा वाचली होती. तिचा अर्थ त्या रात्री कळला. पाणी दुसऱ्याचे होते, आणि त्याची किंमत आम्ही दोन कवितांनी चुकती केली होती. १९२७ च्या संयोजकांनी रोख पैसे मोजले, शब्द मोजून दिले नाहीत. हा फरक लहान नाही.

सभागृहे नकोत, देणगीदार नकोत, असे आम्ही सुचवत नाही. फत्तेखानांची जमीनही दिलेलीच होती. परंतु देणाऱ्याने तेथे काय बोलावे याची अट घातली नाही, आणि घेणाऱ्यांनी ती घालू दिली असती असे वाटत नाही. संपूर्ण स्वावलंबी जागा इतिहासात आम्हांला कोठे आढळली नाही. आढळले ते एवढेच, की काही संयोजकांना आपण कोणाचे किती देणे लागतो हे नेमके ठाऊक होते आणि ते देणे त्यांनी शब्दांत फेडले नाही.

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला माणसे लोटतात. चवदार तळ्याकडे आणि क्रांतिस्तंभाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने मांडली जातात. पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका, भाषणांचे खंड, कवितासंग्रह, गाण्यांच्या वह्या. कोठे भीमगीते चालू असतात, कोठे कोणी उभ्यानेच कविता म्हणत असतो. अध्यक्ष नाही, पत्रिका नाही, सभागृह नाही. साहित्याच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हा दिवस निदान एकदा पाहावा, आणि पाहताना पुस्तकांबरोबर पाण्याच्या सोयीकडेही लक्ष द्यावे. वस्त्यांतली मंडळे पिंप भरून ठेवतात आणि येणाऱ्याला पेला पुढे करतात. कोण, कोठला, असे कोणी विचारत नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याविषयीचा निकाल दिला, तो कायद्याच्या ग्रंथांत आहे. त्याची अंमलबजावणी या पेल्यात आहे.

पुढच्या कार्यक्रमाची वही आम्ही उघडली आहे. पहिल्या पानावर कवींची नावे लिहिण्याचा आमचा प्रघात होता. या वेळी तेथे पाणी कोठून येणार ते लिहिले आहे.